शेवटच्या रिळातले खोटे : 'मिस्सम्मा'च्या निमित्ताने एक प्रतिवाद

१

लोकप्रिय विनोदिकेविषयी लिहिण्याची वेळ आली की आपली समीक्षा दोनपैकी एक वाट धरते. एक तर ती त्या कृतीला 'रंजनपर' ठरवून बाजूला सारते, किंवा तिला 'निर्मळ', 'कौटुंबिक' अशी विशेषणे बहाल करून तिच्याशी वाद घालण्याची जबाबदारी टाळते. पहिल्या वाटेत तुच्छता आहे, दुसरीत लाड आहेत; विचार दोहोंतही नाही. प्रेमातील अप्रामाणिकपणा हेच ज्या विनोदिकांचे आशयसूत्र असते त्यांच्या बाबतीत हा अविचार विशेष महागात पडतो. आपण पात्रांच्या थापा मोजत बसतो, शेवटी त्या उघड झाल्या की सुस्कारा सोडतो, आणि या सर्व काळात खुद्द संहिता कोणती थाप मारून गेली याची चौकशी करावयाची राहून जाते.

ही चौकशी कशी करता येईल हे दाखविण्यासाठी 'मिस्सम्मा' (१९५५) हा तेलुगू चित्रपट येथे निवडला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : या चित्रपटातील नायक-नायिका जवळजवळ अखेरपर्यंत जगाशी खोटे बोलतात आणि तरीही त्यांचे प्रेम प्रामाणिक आहे. चित्रपट अप्रामाणिक होतो तो शेवटी, नेमका सत्य प्रकट करण्याच्या क्षणी. आणि त्या शेवटाला 'सुखान्त' म्हणून दाद देणारी समीक्षा त्या अप्रामाणिकपणाची भागीदार ठरते.

मराठी वाचकाला ही कृती अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद यांची चित्रपटातील उमेदवारी मुंबईत झाली. 'आलम आरा'त (१९३१) त्यांनी छोटे काम केले होते. निर्माते बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी सुरू केलेले 'चंदामामा' मराठी घरांत 'चांदोबा' या नावाने वाचले गेले. हीच कथा तमिळमध्ये 'मिस्सियम्मा' (१९५५) आणि हिंदीत 'मिस मेरी' (१९५७) म्हणून पडद्यावर आली. तेव्हा जी संहिता तीन भाषांतील प्रेक्षकांनी आपली मानली, तिच्या विचारव्यूहाची तपासणी करणे म्हणजे कोणा दूरच्या प्रांताचे दोष काढणे नव्हे.

२

कथा सर्वपरिचित असली तरी तिची मांडणी लक्षात घेतली पाहिजे. अप्पापुरम् गावचे जमीनदार गोपालम् यांची थोरली मुलगी महालक्ष्मी लहानपणी जत्रेत हरवली. सोळा वर्षांनी तिच्या नावाने चालणाऱ्या शाळेसाठी त्यांना शिक्षक हवे आहेत. अट अशी की ते दोघेही पदवीधर आणि परस्परांचे पती-पत्नी असावेत. एम. टी. राव (एन. टी. रामाराव) बेकार आहे. मेरी (सावित्री) ख्रिस्ती घरात वाढलेली आहे. तिच्या पालनकर्त्यांवर कर्ज आहे, आणि कर्ज देणारा डेव्हिड त्या कर्जाच्या जोरावर तिच्याशी लग्न करू पाहतो. राव आणि मेरी नवरा-बायको असल्याचे सोंग घेऊन नोकरी मिळवितात. पुढे जमीनदाराची धाकटी मुलगी सीता (जमुना), स्वतःला गुप्तहेर समजणारा भाचा राजू (अक्किनेनी नागेश्वरराव), मागावर आलेला डेव्हिड, यांच्या येण्याजाण्यातून विनोद फुलत जातो.

या सोंगाचे मूळ कशात आहे? प्रेमात नाही. राव आणि मेरी एकमेकांना फसवीत नाहीत. त्यांच्यातला करार स्वच्छ आहे, आणि मेरी तर त्या कराराच्या प्रत्येक कलमाची जाणीव रावला कठोरपणे करून देत असते. ते फसवितात ते मालकाला. आणि मालकाची अट अशी आहे की खोटे बोलल्यावाचून तिची पूर्तता होऊ नये. मुलांना अक्षरे शिकविण्यासाठी शिक्षकांचा परस्परांशी विवाह झालेला असण्याची गरज नसते. ती गरज मालकाच्या मनःशांतीची असते. बेकारी एका बाजूला आणि पोशिंद्याची नैतिक चोखंदळी दुसऱ्या बाजूला, अशा चिमट्यात सापडलेल्या माणसाचे खोटे आणि प्रेयसीला फसविणाऱ्या लंपटाचे खोटे ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत. 'प्रेमातील अप्रामाणिकपणा' या सरसकट शीर्षकाखाली दोन्ही ढकलून देणे ही पहिली समीक्षाशैथिल्याची खूण.

चित्रपटाच्या मधल्या भागाचे यश या भेदाच्या जाणिवेत आहे. सामान्यतः दांपत्य चारचौघांत संयमाने वागते आणि जवळीक एकान्तासाठी राखून ठेवते. येथे क्रम उलटा आहे. चारचौघांत जवळीक दाखवावी लागते आणि एकान्तात तिचा इन्कार करावा लागतो. परिणामी एकान्त हेच सत्य बोलण्याचे एकमेव स्थळ उरते, आणि तेथे बोलले जाते ते भांडण. सावित्रीच्या अभिनयाची खरी ताकद या भांडणात आहे. तिची मेरी फणकारते, कारण सोंगाचा जाच तिला सर्वांत अधिक होतो. तिला आपल्या नावाचा, वेषाचा, प्रार्थनेचा त्याग रोज करावा लागतो. यजमानांच्या घरी गैरसमजातून तिच्या डोहाळजेवणाचा घाट घातला जातो, तेव्हा प्रेक्षक हसतो खरा. पण एका अविवाहित ख्रिस्ती तरुणीच्या देहावर परक्या घराने आपला विधी लादला आहे, ही त्या हसण्यामागची बोच लपत नाही. त्याच चित्रपटात तिने मरियमेला घातलेली साद पूर्णपणे गंभीर आहे. तिची श्रद्धा चित्रपटाने कोठेही थट्टेचा विषय केलेली नाही.

आणि हळूहळू, सोंगाच्या आतच, प्रेम उगवते. राव सीतेला संगीत शिकवू लागतो तेव्हा मेरीला मत्सर वाटतो. ज्या नात्याचा ती इन्कार करते त्या नात्याचा हक्क तिला नकळत हवासा वाटू लागतो. येथवर ही विनोदिका अत्यंत धीट आहे. एक हिंदू पुरुष आणि एक ख्रिस्ती स्त्री एका छपराखाली राहून, एकमेकांना ओळखून, भांडून, परस्परांवर प्रेम करू शकतात, हे तिने प्रेक्षकाच्या गळी उतरविले आहे. आता फक्त एक पाऊल राहते.

३

ते पाऊल चित्रपट टाकत नाही. त्याऐवजी राजूचा शोध सफल होतो. मेरीच्या पायावरची जन्मखूण सापडते, आणि ती मेरी नसून जमीनदाराची हरवलेली महालक्ष्मी आहे असे सिद्ध होते. मग अडचण कसली? ती हिंदू होतीच. फक्त तिला माहीत नव्हते. लग्न होते. ज्या भिंतीपुढे कथा आणि प्रेक्षक दोघेही येऊन उभे राहिले होते, ती भिंत तेथे कधी नव्हतीच असे जाहीर केले जाते.

याला मी अप्रामाणिकपणा म्हणतो, कारण चित्रपट येथे आपल्याच प्रतिपादनापासून पळ काढतो. दोन तास त्याने आपल्याला दाखविले की माणूस म्हणजे त्याचे जगणे, त्याच्या सवयी, त्याचा स्वभाव. शेवटच्या काही मिनिटांत तो सांगतो की माणूस म्हणजे त्याच्या पायावरचा तीळ. सोळा वर्षांचे संगोपन, पालनकर्त्यांचे वात्सल्य, मनापासून केलेल्या प्रार्थना, हे सर्व एका गैरसमजाच्या खात्यावर जमा होते. मेरीला वाढविणारे आईबाप ठेव सांभाळणाऱ्या मुनीमाच्या पातळीवर उतरतात. आणि 'मिस्सम्मा' हे नावच पाहा : 'मिस' हे मिशन-शाळांच्या जगातून आलेले संबोधन आणि 'अम्मा' हा तेलुगू आदर यांचा तो लोभस संकर. शेवटी त्यातील 'मिस' लग्नाने जाते आणि मेरी जन्माने जाते. जिच्या नावाने चित्रपट ओळखला जातो ती व्यक्तीच चित्रपटाच्या अंती शिल्लक राहत नाही. रावचे लग्न झाले ते महालक्ष्मीशी. त्याने प्रेम केले होते ते मेरीवर.

येथे रचनेचा एक पुरावा निर्णायक आहे. चक्रपाणी यांनी ही कथा दोन बंगाली कृतींमधून उभी केली. नोकरीसाठी दांपत्याचे सोंग हे सूत्र रवींद्रनाथ मैत्र यांच्या 'मानमयी गर्ल्स स्कूल'मधून आले, तर जमीनदाराच्या हरवलेल्या मुलीचा शोध हे सूत्र शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या 'डिटेक्टिव्ह'मधून. म्हणजे सोंगाच्या कथेला जन्मरहस्य आतून फुटलेले नाही. ते शेजारच्या झाडावरून आणून तिच्यावर कलम केले आहे. दोन सूत्रे एकत्र गुंफण्यातील चक्रपाणींचे कसब वादातीत आहे. पण सांधा कोठे आहे हे पाहणे समीक्षेचे काम. सोंग उघडे पडले असते, जमीनदार रागावला असता, त्याने क्षमा केली असती आणि मेरी मेरीच राहून रावची पत्नी झाली असती, तरी विनोदिकेची रचना ढासळली नसती. ढासळली असती ती दुसरीच एक रचना.

४

यावर पहिला आक्षेप संकेताचा असेल. हरवलेले मूल, जन्मखूण, पुनर्भेट हे विनोदिकेचे प्राचीन संकेत आहेत; नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ साली विनोदिकेच्या संरचनेचे जे विवेचन केले त्यात नायिकेच्या जन्मरहस्याला ठरलेली जागा आहे; मग संकेतावर नीतीचा आरोप कशाला? हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा, कारण संरचनावादाच्या अर्धवट परिचयामुळे तो आपल्याकडे वारंवार घेतला जातो.

त्याचे उत्तर संकेताच्या इतिहासातच आहे. अथेन्समध्ये इ. स. पू. ४५१ साली पेरिक्लीसच्या कायद्याने आईबाप दोघेही नागरिक असलेल्या अपत्यालाच नागरिकत्व दिले. पुढल्या शतकात मिनँडरच्या नाटकांतील दासी किंवा टाकलेली मुलगी अखेरीस नागरिकाची कन्या निघते, ती कवीच्या लहरीने नव्हे. त्यावाचून तिचे नायकाशी वैध लग्नच होऊ शकत नव्हते. संकेत हा कायद्याची सावली म्हणून जन्माला आला. आपल्या परंपरेतही 'मालविकाग्निमित्रा'तील दासी मालविका विदर्भाच्या माधवसेनाची बहीण निघते आणि 'रत्नावली'तील सागरिका सिंहलच्या राजाची कन्या निघते. राजाने दासीवर प्रेम केले, हा घोटाळा ती दासी नव्हतीच असे म्हणून मिटविला जातो. म्हणजे 'हा केवळ संकेत आहे' हे वाक्य स्पष्टीकरण नाही. कोणत्या कुंपणाच्या रक्षणासाठी हा संकेत राबतो आहे, हा प्रश्न त्या वाक्याने सुरू व्हावयास हवा. आपल्याकडे तो तेथे संपतो.

शिवाय हा एकच संकेत परंपरेने दिला होता असेही नाही. 'मृच्छकटिका'तील वसंतसेना गणिका आहे आणि अखेरपर्यंत गणिकेच्याच पोटची राहते. कोणतीही जन्मखूण तिच्या मदतीला येत नाही. पालकाची सत्ता उलथते, आर्यक राजा होतो आणि तो तिला वधूपद देतो. शूद्रकाने नायिकेचे कुळ बदलले नाही. राज्य बदलले आणि त्याबरोबर नियम बदलला. देवलांनी हे प्रकरण मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे आपल्याला तर ही दुसरी वाट चांगली परिचित असावयास हवी. जन्म दुरुस्त करणारा शेवट आणि नियम दुरुस्त करणारा शेवट असे दोन शेवट हाताशी असताना लेखकाने पहिला निवडला, तर ती निवड आहे, आणि निवडीची जबाबदारी असते. कलादृष्ट्याही ॲरिस्टॉटलने शारीरिक खुणांवरून होणाऱ्या अभिज्ञानाला सर्वांत कमी कलात्मक मानले होते, हे संकेताच्या कैवाऱ्यांनी विसरू नये.

५

दुसरा आक्षेप काळाचा. १९५५ सालच्या प्रेक्षकाला याहून अधिक पचले नसते. तेव्हा आजच्या अपेक्षा त्या चित्रपटावर लादू नयेत. हा आक्षेप वरवर इतिहासनिष्ठ दिसतो, पण इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. 'मिस्सम्मा' १२ जानेवारी १९५५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या अकराच दिवस आधी, १ जानेवारी १९५५ पासून, १९५४ चा विशेष विवाह कायदा अंमलात आला होता. दोघांपैकी कोणीही आपला धर्म न सोडता, कोणत्याही धर्मविधीवाचून, राव आणि मेरी यांना पती-पत्नी होण्याची वाट देशाच्या संसदेने मोकळी केली होती. त्यापूर्वीही, दोघांपैकी एकजण ख्रिस्ती असल्यास विवाहाची सोय १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात होतीच. मिनँडरच्या नायकापुढे कायद्याची अडचण होती. रावपुढे तीही नव्हती. अथेन्सच्या कवीला जे कायद्यामुळे करणे भाग होते, ते येथे कायदा अनुकूल असताना केले गेले. कल्पनाशक्ती कायद्याच्या मागे राहिली, आणि आपण त्या मागासलेपणाला काळाची मर्यादा म्हणतो.

त्याच वर्षी तेलुगूत 'कन्याशुल्कम्' हा चित्रपटही आला. गुरजाड अप्पाराव यांच्या १८९२ साली प्रथम प्रयोग झालेल्या नाटकावर तो आधारलेला होता. त्यात रामाराव गिरीशम् झाले आणि सावित्री मधुरवाणी. गिरीशम् हा प्रेमात खोटे बोलणारा खरा पुरुष. विधवाविवाहाच्या सुधारणेची भाषा तो एका भोळ्या विधवेला वश करण्यासाठी वापरतो. गणिका मधुरवाणीही सोंगे घेते, वेषांतर करते. पण आपण कोण आहोत हे ती शेवटी लपवीत नाही, आणि तिला कुलीन ठरविण्यासाठी गुरजाडांना जन्मरहस्याची गरज भासत नाही. ज्या भाषेत हे नाटक त्रेसष्ट वर्षे आधी रंगभूमीवर आले होते, त्या भाषेच्या प्रेक्षकाला अधिक काही पचले नसते असे म्हणणे हा त्या प्रेक्षकाचा अपमान आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गोंडस आहे. चित्रपटात ख्रिस्ती पात्रे सहानुभूतीने रंगविली आहेत, मेरीची प्रार्थना आदराने चित्रित केली आहे, म्हणून हा सर्वधर्मसमभावाचा चित्रपट होय असे म्हटले जाईल. सहानुभूती आहे, हे मी वर नोंदविले आहेच. पण समभावाची कसोटी प्रार्थनेच्या वेळी लागत नाही. ती सोयरिकीच्या वेळी लागते. दुसऱ्याच्या देवाला हात जोडणे आपल्या समाजाला कधीच अवघड गेले नाही. दुसऱ्याच्या मुलीला ती आहे तशी सून म्हणून घरात घेणे अवघड गेले. चित्रपट पहिल्या कसोटीला उतरतो आणि दुसरीची वेळ आली की परीक्षाच रद्द करतो.

६

आपल्याकडील उदाहरणांशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या चित्रपटातही खोटे दांपत्यच आहे. डोक्यावर छप्पर हवे म्हणून मित्र मित्राची बायको होतो. तेथेही अट घालणारी मालकीण आहे आणि अटीमुळे जन्माला आलेले खोटे आहे. पण शेवटी सोंग उतरते, माफी मागितली जाते आणि प्रकरण मिटते. कोणाचाही जन्म दुरुस्त करावा लागत नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळा'तही एका तसबिरीने उठविलेले वादळ खुलाशाने शमते. यावरून एक नियम मांडता येईल : प्रेमिकांच्या मध्ये केवळ गैरसमज किंवा केवळ थाप असेल तेथे विनोदिकेला क्षमा पुरते, जेथे जात, धर्म किंवा कुळ यांची भिंत असते तेथे तिला जन्मरहस्य लागते. जन्मरहस्य जेथे दिसेल तेथे भिंत कोठे आहे ते शोधावे. समीक्षेला हे साधन म्हणून वापरता येईल.

सदुसष्ट वर्षांनी तेलुगू विनोदिका पुन्हा त्याच दारापाशी आली. विवेक आत्रेय दिग्दर्शित 'अंटे सुंदरानिकी' (२०२२) या चित्रपटात ब्राह्मण घरातला सुंदर आणि ख्रिस्ती घरातली लीला थॉमस यांचे प्रेम आहे. घरचे मानणार नाहीत म्हणून दोघे खोटे बोलतात : आपल्याला मूल होऊ शकत नाही असे तो आपल्या घरी सांगतो, आपण गरोदर आहोत असे ती आपल्या घरी सांगते. लीला कोणाची हरवलेली मुलगी निघत नाही. ती ख्रिस्ती म्हणून येते आणि ख्रिस्तीच राहते. 'मिस्सम्मा'ने गिळलेले पाऊल येथे टाकले आहे, आणि याचे श्रेय त्या चित्रपटाला निःसंकोच द्यावयास हवे.

पण या खोट्यांचा तपशील पाहा. धर्माची भिंत ओलांडण्यासाठी दोघांनाही आपल्या देहात व्यंग किंवा अपराध दाखवावा लागतो. निरोगी, निष्कलंक मुलगा परधर्मीय सून आणू शकत नाही; वंश बुडविणारा आणू शकेल. सज्जन मुलगी परधर्मीय जावई मागू शकत नाही. अब्रू गेलेली मागू शकेल. आपले प्रेम घरच्यांना परवडावे म्हणून दोघे आपली किंमत उतरवून घेतात. हा व्यवहार विनोदी आहे आणि भयंकरही आहे, आणि चित्रपटाला ते ठाऊक आहे. मालकाच्या अटीने १९५५ मध्ये जे खोटे बोलायला लावले, ते २०२२ मध्ये आईबापांच्या अटीने लावले. बदलले आहे ते एवढेच की संहितेने आता प्रेमिकांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य केले आहे.

७

हे सर्व साहित्यसमीक्षेच्या पानांवर कशासाठी, असा प्रश्न उरतो. कारण शेवट वाचण्याची आपली रीत ही केवळ सौंदर्यशास्त्रीय बाब नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्यांना तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्या काळात हरकती मागविल्या जातात. १९५५ साली आलेली ही तरतूद कायद्यात आजही आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांच्या संदर्भात कुटुंबांशी 'समन्वय' साधण्यासाठी समिती नेमली. प्रेमिकांना त्यांचे 'खरे' घर, 'खरा' धर्म, 'खरी' ओळख शोधून देण्याचा हा उत्साह आपल्याला ओळखीचा वाटावयास हवा. अप्पापुरम्‌चा राजू हेच काम करीत होता. फरक इतकाच की त्याला आपण हसलो होतो.

पदव्युत्तर वर्गात 'सुखान्त' ही संज्ञा शिकविताना आपण सांगतो की विरोध मावळतो, समाज नव्याने एकत्र येतो. यापुढे एक प्रश्न जोडून शिकवावा : विरोध मावळला की विरोधाचा एक पक्षच नाहीसा केला गेला? मेरीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. तिने केलेल्या सोंगाबद्दल तिला क्षमा मिळाली. ती जी होती, त्याबद्दल मात्र तिला क्षमा मिळू शकली नाही. ते सोंग होते असे ठरवावे लागले. 'मिस्सम्मा' पाहून आपण हसावे, सावित्रीच्या अभिनयाला मनःपूर्वक दाद द्यावी, चक्रपाणींच्या कारागिरीचे कौतुक करावे. पण त्या शेवटाला सुखान्त म्हणण्यापूर्वी सुख कोणाचे आणि अन्त कोणाचा, एवढे तरी समीक्षकाने विचारले पाहिजे.